खरादावर भोक पाडताना

तुमच्या घरातील काही वस्तू एकदा नीट पाहा. पोळ्या लाटायचे लाटणे, पलंगाचे नक्षीदार पाय, लहान भावाचा भोवरा, जिन्याच्या कठड्याचे दांडे. या साऱ्या वस्तू लाकडाच्या आहेत आणि गोल आहेत. रंधा आणि पटाशी घेऊन हाताने त्या करायच्या म्हटल्या, तर किती दिवस लागतील! म्हणून कारागीर त्या एका यंत्रावर करतात. उर्दूत या यंत्राला खराद म्हणतात. मराठीतही हा शब्द चालतो. तो फारसीतून आपल्याकडे आला आहे. कारखान्यात मात्र सगळे त्याला लेथ म्हणतात. खरादावर काम करणारा तो खरादी. मराठीत त्याला कातारी असाही एक जुना शब्द आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तीही खरादावरच आकार घेतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका खरादी उस्तादांचे छोटे दुकान होते. शाळेतून येताना मी तिथे थांबत असे. लाकडाचा ओबडधोबड ठोकळा गरगर फिरू लागे. उस्ताद त्याला पटाशी लावत आणि लाकडाच्या लांबच लांब साली कारंज्यासारख्या उडत. पाहता पाहता ठोकळ्याचा पलंगाचा पाय होई. मला त्याची मोठी गंमत वाटे. आणखी एका गोष्टीकडे माझे नेहमी लक्ष जाई. उस्तादांच्या डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता. तो पूर्ण मिटत नसे. चहाचा पेला ते चार बोटांनीच धरत.

नववीच्या सुट्टीत मला वाटले, आपणही काहीतरी करावे. मी उस्तादांना म्हटले, "उस्ताद, मला एक कलमदान करायचे आहे."

"करू या की," ते म्हणाले. "बाहेरचा गोल आकार तू दोन दिवसांत शिकशील. पण कलमदानाला भोक लागते. ते पाडायच्या आधी माझ्या या अंगठ्याची गोष्ट ऐकावी लागेल."

ती गोष्ट समजण्यासाठी आधी यंत्र समजून घ्यायला हवे. खरादाला एक लांब आडवा पाया असतो. डाव्या बाजूला मोटारीवर फिरणारे डोके असते. त्याला लाकूड पकडतात. पकडणाऱ्या भागाला चक म्हणतात. त्याला चार जबडे असतात. उजव्या बाजूला टेलस्टॉक असतो, म्हणजे शेपटीकडचा भाग. तो पायावर मागेपुढे सरकतो आणि हवा तिथे खटक्याने आवळून पक्का करता येतो. टेलस्टॉकमध्ये एक पोकळ नळी असते. मागचे हातचाक फिरवले की ही नळी हळूहळू पुढे येते, उलटे फिरवले की मागे जाते. लांब लाकडाला आधार द्यायचा असेल तर या नळीत टोकदार सेंटर बसवतात. भोक पाडायचे असेल तर सेंटर काढून तिथे ड्रिल बसवतात.

आता एक फरक लक्षात घ्या. सुतार भिंतीला किंवा फळीला भोक पाडतो, तेव्हा फळी स्थिर असते आणि ड्रिल फिरते. खरादावर नेमके उलटे होते. येथे ड्रिल स्थिर असते आणि लाकूड फिरते. त्यामुळे भोक लाकडाच्या अगदी मधोमध जाते. हाताने कितीही जपून पाडले तरी इतके सरळ भोक पडत नाही. फायदा मोठा आहे, पण धोकाही यातच लपलेला आहे. ड्रिल फिरत नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पाहणाऱ्याला वाटते, फिरते ते लाकूड. त्याच्यापासून हात दूर ठेवला की झाले.

उस्तादांनाही तसेच वाटले होते. ते तेव्हा पंचविशीचे होते. रमजानचे शेवटचे दिवस होते. एका गिऱ्हाइकाने शिसमच्या लाकडाचे दिव्याचे चार खांब करायला दिले होते आणि ईदच्या आधी ते हवे होते. दिव्याच्या खांबात विजेची तार जाण्यासाठी वरपासून खालपर्यंत लांब भोक लागते. तीन खांब झाले. चौथ्या खांबात ड्रिल खोल गेले आणि भुसा आत अडकला. लाकडातून जळका वास येऊ लागला. ड्रिल मागे घेऊन भुसा काढायला हवा होता. हातचाक उलटे फिरवत बसले तर वेळ जाणार. उस्तादांनी यंत्र चालूच ठेवले, टेलस्टॉकचा खटका सैल केला आणि संपूर्ण टेलस्टॉक धरून झटक्यात मागे ओढला.

टेलस्टॉक मागे आला, पण ड्रिल आले नाही. ते भोकात घट्ट अडकले होते. ड्रिल धरणारा जड लोखंडी चक टेलस्टॉकच्या नळीतून निसटला आणि ड्रिलसकट लाकडाबरोबर फिरू लागला. एका बाजूने लाकडात रुतलेला, दुसऱ्या बाजूने मोकळा. एका फेरीतच ड्रिल वाकले आणि चक गोफणीसारखा फिरला. उस्तादांचा डावा हात जवळच होता. "मला आवाज आठवतो," ते म्हणाले. "दुखायला नंतर लागले."

चक इतक्या सहज का निसटला? तो नळीत स्क्रूने बसवलेला नव्हता का? नव्हता. गोष्टीचा सगळा मुद्दा इथेच आहे.

घरी स्टीलचे पेले एकात एक ठेवतात, ते तुम्ही पाहिले असेल. वरचा पेला जरा दाबला की तो खालच्या पेल्यात असा अडकतो की सुटता सुटत नाही. का? कारण दोन्ही पेले खाली निमुळते असतात. दाबल्यावर त्यांच्या भिंती एकमेकींना घट्ट चिकटतात आणि घर्षणामुळे पेला धरला जातो. टेलस्टॉकची नळी आतून अशीच निमुळती असते. ड्रिलच्या चकला मागे एक निमुळता दांडा असतो. दांडा नळीत जोराने ढकलला की तो बसतो. ना स्क्रू, ना खिळा. या निमुळतेपणाला मोर्स टेपर म्हणतात. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांचे नाव त्याला मिळाले आहे. पिळाच्या ड्रिलचे पेटंट १८६३ साली घेणारे ते हेच मोर्स. लाकडाच्या लहान खरादांवर बहुतेक वेळा दोन नंबरचा मोर्स टेपर असतो. त्याची जाडी दर वीस मिलिमीटर लांबीला जवळजवळ एक मिलिमीटरने कमी होते. उतार इतका थोडा असल्यामुळेच पकड घट्ट बसते.

पण पेल्याचा दुसरा गुणही आठवा. अडकलेला पेला सोडवायचा असेल तर आपण तो थोडा पिळतो आणि बाहेर ओढतो. एकदा का तो केसभर सुटला की एकदम मोकळा होतो. मोर्स टेपरचेही तसेच आहे. ड्रिल लाकडात शिरत असते, तेव्हा लाकूड चकला मागे दाबते आणि टेपर अधिकच घट्ट बसतो. ड्रिल बाहेर येत असते, तेव्हा अडकलेला भुसा चकला पुढे ओढतो आणि फिरते लाकूड त्याला पिळते. म्हणजे पेला सोडवण्याच्या दोन्ही क्रिया एकदम होतात! आपल्याला वाटते, भोक पाडताना धोका असतो आणि ड्रिल काढताना काम संपलेले असते. खरादावर धोका काढतानाच अधिक असतो.

हे समजल्यावर माझे कलमदान सुरू झाले. शिवणाचा एक कोरडा ठोकळा उस्तादांनी निवडला. त्याला चीर किंवा गाठ नाही ना, हे त्यांनी उन्हात फिरवून पाहिले. चिरलेला ठोकळा भोक पाडताना फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या सदऱ्याच्या बाह्या लांब होत्या. त्या कोपराच्या वर दुमडून झाल्या. मनगटावरचे घड्याळ आणि गळ्यातला दोरा काढून झाला. मुलींनी हे काम करताना ओढणी काढून ठेवावी आणि केस घट्ट बांधावेत. मी हातमोजे मागितले, तेव्हा उस्ताद हसले. हातमोजे हे गरम भांडे उचलायला ठीक आहेत, पण फिरत्या यंत्राजवळ ते घालायचे नसतात. बोट घासले तर खरचटेल. हातमोज्याचा धागा गुंडाळला गेला तर सगळा हात आत ओढला जाईल. चेहऱ्यासमोर मात्र पारदर्शक ढाल हवीच. साधा चष्मा पुरत नाही, कारण तुकडे खालून आणि बाजूनेही येतात. शिसमसारख्या लाकडाच्या बारीक धुळीने काहींना खाज येते, शिंका येतात, म्हणून नाकावर मास्क हवा.

ठोकळ्याच्या तळाला आम्ही एक आखूड जाड खुंटी कातली आणि ती चकच्या चार जबड्यांत धरली. जबडे चावीने आवळले. चावी लगेच काढून खिशात टाकली. चकमध्ये चावी राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. उस्तादांचा एक नियम होता: चावीवरून हात निघेल, तेव्हा चावीही चकमधून निघालेली असेल.

चकवरून एक गंमत सांगतो. ड्रिल धरणारा, दातेरी चावीने आवळायचा चक अमेरिकेतील आर्थर जेकब्ज यांनी शोधला आणि १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. जुना चक पान्याने आवळताना त्यांच्या बोटांची सालटी निघाली आणि त्या वैतागातून हा नवा चक सुचला, असे सांगतात. जगातल्या कितीतरी कारखान्यांत आजही त्यांचे नाव घेतले जाते. फुटलेल्या बोटांवर मलम लावून गप्प बसले असते, तर कुणाला त्यांचे नाव कळले असते?

आता भोकाची तयारी. फिरणाऱ्या लाकडाच्या नेमक्या मध्यबिंदूवर उस्तादांनी पटाशीच्या टोकाने छोटा खळगा केला. खळगा नसेल तर ड्रिलचे टोक सुरुवातीला इकडेतिकडे नाचते आणि भोक वाकडे जाते. मग त्यांनी चकचा निमुळता दांडा आणि नळीची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसून घेतली. अर्थात यंत्र बंद ठेवून. भुशाचा एक कण जरी मध्ये राहिला, तरी दोन भिंती पूर्ण चिकटत नाहीत आणि पकड ढिली राहते. तेलही चालत नाही, कारण सगळा आधार घर्षणाचाच आहे. पुसल्यावर त्यांनी दांडा एका जोराच्या धक्क्याने नळीत बसवला आणि ओढून पाहिला. तो हलला नाही.

बिट होते ४० मिलिमीटर रुंद. ते सपाट तळाचे भोक पाडते. एवढ्या रुंद बिटाला वेग कमी लागतो. मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्या पुरे होतात. आठ-दहा मिलिमीटरचे बारीक ड्रिल १००० फेऱ्यांवरही चालते. पण रुंद बिटाची कड प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापते, म्हणून ते लवकर तापते. उस्तादांच्या यंत्रावर वेग बदलायला पट्टा एका पुलीवरून दुसरीवर घ्यावा लागे. तो घेताना ते नुसते बटण बंद करून थांबत नसत, प्लगसुद्धा काढत.

मी विचारले, "तीनशे म्हणजे हळूच ना?" उस्तादांनी हिशेब करायला सांगितला. तुम्हीही करून पाहा. मिनिटाला ६०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १० फेऱ्या. अचानक काही झाले तर माणसाला ते दिसून हात हलायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात लाकूड दोनदा फिरून आलेले असते. ३०० फेऱ्यांवरही एक फेरी पूर्ण झालेली असते. उस्तादांच्या अंगठ्याला एक फेरी पुरली होती.

टेलस्टॉक पुढे आणून त्यांनी तो पायावर पक्का आवळला. बिटावर ७० मिलिमीटर अंतरावर रंगीत चिकटपट्टी लावली, म्हणजे किती खोल गेलो ते कळते. अधिक खोल गेले तर बिट तळ फोडून लोखंडी जबड्यांवर आदळते. यंत्र सुरू झाले. मी हातचाक फिरवू लागलो. सुरुवातीला भुसा भुरभुर बाहेर पडत होता. मला जोर आला आणि मी चाक भराभर फिरवले. भुसा बाहेर येईना, आवाज जाड झाला.

"थांब," उस्ताद म्हणाले. "वास येतोय का?"

येत होता. हा वास घर्षणाचा. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि खेळण्यावर पसरते. तिथे हीच उष्णता उपयोगी पडते. भोकात मात्र ती बिटाची धार घालवते, लाकूड जाळते आणि भुसा आवळून बसतो. म्हणून वास किंवा धूर येण्याची वाट पाहायची नसते. बिट जेवढे रुंद, तेवढे खोल गेले की मागे घ्यावे, भुसा काढावा, मगच पुढे जावे. रुंद बिट असेल तर त्याच्याही आधी.

मागे कसे घ्यावे? उस्तादांनी मला सांगितलेली रीत अशी. आधी बटण बंद. लाकूड पूर्ण थांबेपर्यंत हात हलवायचा नाही. बोटाने किंवा हाताने घासून लाकूड थांबवायचे नाही. ते थांबले की डाव्या हाताने ड्रिलचा चक घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने हातचाक उलटे फिरवायचे. टेलस्टॉकचा खटका तसाच आवळलेला असतो. फक्त नळी मागे येते. चक हातात धरलेला असल्यामुळे तो नळीबरोबरच येतो, मागे राहत नाही. बिट अडकलेच तर लाकूड हाताने थोडे उलटे फिरवायचे. मग ते सुटते. जुने कारागीर कधी कधी यंत्र हळू चालू ठेवून आणि चक मुठीत धरून बिट काढतात. काही जण पोकळ टेलस्टॉकमधून आरपार लोखंडी गज घालून चक मागून स्क्रूने बांधूनच टाकतात. ही युक्ती फार चांगली आहे. पण शिकणाऱ्याने यंत्र बंद करूनच काढावे.

इथे एक खोच आहे आणि ती मला उस्तादांनी रागावून सांगितली. मी चाक उलटे फिरवत फिरवत नळी पूर्ण आत नेली आणि चक पटकन माझ्या हातात सुटून आला. टेपर सोडवण्याची सोयच तशी असते. नळी अगदी मागे गेली की आतला स्क्रू दांड्याला मागून ढकलतो आणि तो सुटतो. बिट बदलायचे असेल तेव्हा हे उपयोगाचे, पण अर्धे भोक झालेले असताना नाही. म्हणून नळी शेवटपर्यंत मागे नेऊ नये.

भुसा मी बोटाने काढायला गेलो. माझ्या हातावर चापट बसली. नुकत्याच पाडलेल्या भोकाची कड सुरीसारखी असते आणि आतला भुसा चटका देण्याइतका गरम असतो. त्यांनी मला जुना ब्रश दिला. यंत्र चालू असताना भोक गुळगुळीत झाले का हे बोटाने पाहण्याचा मोह तर अनेकांना होतो. फिरत्या भोकात बोट अडकले तर ते बोट पिळले जाते.

तिसऱ्यांदा बिट आत गेले आणि वीज गेली. लाकूड मंदावत थांबले. मी चक धरायला हात पुढे केला. उस्ताद ओरडले, "आधी बटण!" बटण चालूच होते. वीज गेली म्हणजे यंत्र बंद झाले, असे आपल्याला वाटते. ते बंद झालेले नसते, ते फक्त वाट पाहत असते. वीज कोणत्याही क्षणी परत येते आणि बटण चालू असेल तर लाकूड तुमच्या हातातच फिरू लागते. काही नव्या यंत्रांना असे बटण असते की वीज परत आली तरी ते पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. उस्तादांच्या जुन्या यंत्राला ते नव्हते. आम्ही बटण बंद केले, प्लग काढला आणि बाहेर ओट्यावर चहा पीत बसलो. उस्तादांनी पेला चार बोटांनी धरला होता.

वीज तासाभराने आली. चिकटपट्टी लाकडाच्या कडेला टेकली तेव्हा संध्याकाळ झाली होती. यंत्र थांबले. मी चक धरला, चाक उलटे फिरवले आणि या वेळी नळी दोन बोटे बाहेर असतानाच थांबलो. बिट सुखरूप बाहेर आले. कलमदान जबड्यांतून काढून उस्तादांनी उजेडाकडे धरले आणि डोळा लावून आत पाहिले.

"भोक सरळ आहे," ते म्हणाले. "कड जरा जळली आहे. ती घाई तुझी."

त्या कलमदानाच्या तोंडाशी आजही तपकिरी जळकी कडी दिसते. काचपेपरने घासून ती काढता आली असती. मी काढली नाही.